लेन्सचं टोपण

कॅमेरा निवडणं म्हणजे जगाकडे पाहण्याची दृष्टी निवडणं, असं आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात सर सांगत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अंबरनाथमध्ये ही दृष्टी बाबांच्या परवानगीशिवाय मिळत नसे.

घरात एक साधा कॅमेरा होता. त्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. मला हवा होता एसएलआर, ज्यात लेन्समधूनच दिसतं. ताईचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्याचे फोटो मला काढायचे होते. बाबा कारखान्यात अधिकारी. त्यांचा प्रश्न सरळ होता : "आहे त्याला काय झालंय?"

काय झालंय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलायचं नसे. ताईच्या साखरपुड्याला बाबांनी हौसेने फोटो काढले होते. "जरा हसा", "व्याही, थोडे आत सरका" करत अख्खा रोल संपवला. धुऊन आला तो कोरा. लेन्सवरचं टोपण काढायचं राहिलं होतं. आई नातेवाइकांना सांगायची, "त्या दिवशी ढगाळ होतं ना." साखरपुडा हॉलमध्ये होता.

शेवटी बाबा मला उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या दुकानात घेऊन गेले. उल्हासनगरचा माल नकलीच असणार, या खात्रीने तिथली कुठलीही वस्तू ते आधी कानाशी धरून हलवत. एसएलआरही हलवला.

"साहब, नारियल नहीं है!" सिंधी दुकानदार कळवळला.

मी वर्गातलं सगळं ऐकवलं : छायाप्रकाश, चौकट, खोली. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"यात काही दिसत नाही."

"टोपण, बाबा."

त्यांनी टोपण काढलं, पाहिलं. परत लावलं, पाहिलं. पुन्हा काढलं. दुकानदार माझ्याकडे बघू लागला.

"म्हणजे टोपण राहिलं तर हा काळोखच दाखवतो? फोटो काढायच्या आधी?"

"हो."

"मग मघापासून छायाप्रकाश काय लावलायस? हे नाही का आधी सांगायचं!"

कॅमेरा घेतला. लग्नभर मी फोटो काढत होते आणि मुलीचे बाबा, मांडवातली सगळी कामं सोडून, माझ्या शेजारी टोपण खिशात घेऊन उभे होते. त्या गडबडीत ते कुठेतरी पडलं. नवं आणू या, असं मी म्हटलं.

"कशाला?" बाबा म्हणाले.

तो कॅमेरा शेवटपर्यंत बिनटोपणाचाच राहिला.