कडक नळी आणि कच्ची वाळू

त्या दिवशीची वाळू कच्ची होती आणि ते मला माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, शेठपुढे नाही, आणि ज्या माणसाचा त्या वाळूनं डोळा गेला त्याच्यापुढे तर नाहीच. आता पंचेचाळिशी उलटली, शुगर निघाली, तेव्हा कुठे लिहायला बसलो आहे. मी मुळात बोलणारा नाही. घरात म्हणतात, याच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागते. या स्वभावाचा मला फार फायदा झाला. गप्प राहिलो तरी कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये मी कामाला होतो. शेजारी डाळमिल होती. तिच्यातला फोलपटांचा धुरळा दिवसभर आमच्या पत्र्यावर आणि डब्यातल्या भाकरीवरही बसायचा. आमच्याकडे लोखंडी नळ्या वाकवून खुर्च्या, स्टुलं, खाटा बनायच्या. मी धुळ्याहून डिप्लोमा करून आलेला, म्हणून माल आणायचा आणि नगामागे खर्च किती बसतो ते काढायचं, हे काम शेठनं माझ्याकडे दिलेलं. नळ्या वाकवायच्या त्या आबांनी. आबा धुळ्याकडच्या एका खेड्यातले, माझ्याहून बरेच मोठे, जळगावातच पिंप्राळ्यात खोली घेऊन राहायचे. मी त्यांना आबा म्हणायचो, ते मला भाऊ. काम चांगलं करायचे, आणि त्याबद्दल सांगायचेही भरपूर. चार माणसं जमली की आबांच्या फुशारकीला ऊत यायचा.

एका वसतिगृहाच्या खाटांची ऑर्डर आली. डोक्याकडे आणि पायाकडे कमानी, कमानी सव्वा इंची नळीच्या. एवढी मोठी ऑर्डर शेडला पहिल्यांदाच मिळालेली, आणि तिचा माल निवडायचं शेठनं पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्यावर सोडलं होतं.

नळी दोन प्रकारची मिळायची. एक नरम: कारखान्यातच तापवून सावकाश निववलेली, मशीनवर गार असतानाच वाकते, भाव जास्त. दुसरी कडक: ओढून तयार केलेली, पण नंतर तापवलेली नसते. दिसायला दोन्ही सारख्याच, उलट कडक नळी जास्त चकचकीत. एका व्यापाऱ्याकडे कडक नळीचा मोठा लॉट पडून होता आणि तो किलोमागे बराच खाली यायला तयार होता. मी वजन काढलं, भावातला फरक लावला, आणि शेठला सांगितलं की खाटेमागे आपला एवढा पैसा वाचतो. शेठ खूश झाला. मी त्याहून जास्त. वाकवायला काय लागेल हा खर्च मी जुनाच धरला होता, नरम नळीचा. नळी बदलली की तोही बदलतो, हे पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

एक नमुना नळी आबांना दाखवली. त्यांनी ती फरशीवर आपटली, आवाज ऐकला.

"कडक शे," म्हणाले. मग माणसं बघताहेत हे लक्षात आल्यावर आवाज चढवला, "पन वाकी. मन्हा हातमा ईसन कोन वाकस नही? मन्ही बायकोले सोडीसन बठ्ठं वाकस."

बायको सोडून सगळं वाकतं, यावर सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी लॉट उचलला.

मशीनवर पहिलीच नळी वाकाच्या बाहेरच्या अंगाला तडकली. दुसरीला आतल्या अंगाला सुरकुत्या पडल्या. जी धड वाकायची ती साच्यातून सोडली की पुन्हा थोडी उघडायची, कमान खाटेच्या चौकटीत बसायची नाही. म्हणून जास्त वाकवून बघितलं, तर पुन्हा तडा. साच्याची कड खाल्ली जायला लागली. भंगाराचा ढीग वाढत गेला, आणि मी येता-जाता त्या ढिगाकडे बघायचं टाळायला लागलो.

आबांनीच मार्ग काढला, जुन्या पद्धतीचा. नळीत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे ठोकायचे, वाकाची जागा कोळशाच्या भट्टीत लाल करायची आणि तशी गरम नळी वाकवायची. आतली वाळू नळीला चेपू देत नाही. पण वाळू पूर्ण कोरडी हवी. दोन्ही तोंडं बंद, आत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि वाफेला जायला जागा नसते. आमची वाळू यायची गिरणा नदीच्या पात्रातून, आतून ओलीच. ती पत्र्यावर टाकून खालून जाळ लावायचा आणि फावड्यानं हलवत राहायचं. त्याला आम्ही वाळू भाजणं म्हणायचो, फुटाणेवाला भाजतो तसं. न भाजलेली ती कच्ची. भाजून झाली की आबा तिच्यावर चहाचा काचेचा ग्लास पालथा घालायचे. ग्लास आतून धुकटला तर अजून कच्ची, पुन्हा जाळ. स्वच्छ राहिला तर भरायची. ग्लास ठेवल्याशिवाय त्यांनी एकही नळी भरू दिली नाही. त्यात शहाणपणाइतकाच हट्ट होता. धूर जास्त झाला की ग्लास काजळायचा, आणि मग भाजलेली वाळूही ते परत भाजायला लावायचे.

कमानी निघू लागल्या, पण खर्च? कोळसा, भाजायला माणूस, भरायला माणूस, ठोकायला, रिकामी करायला. दिवसभर जेवढ्या कमानी निघायच्या तेवढ्या नरम नळीच्या मशीनवर चहाच्या सुट्टीआधी निघाल्या असत्या. भावात वाचलेलं सगळं केव्हाच वाकवण्यात गेलं होतं, वर पदरचं जायला लागलं होतं. ते मी शेठला सांगितलं नाही. नरम नळी घेऊ, माझं चुकलं, एवढं म्हटलं असतं तर शेठ दोन दिवस ओरडला असता. बस्स. पण तो रोज भट्टीपाशी यायचा आणि सगळ्यांसमोर विचारायचा, "काय हो डिप्लोमा, खाटा बनवताय की सराफ्यातले दागिने?" त्याचा पुतण्या नुकताच शिकून आला होता आणि ऑफिसात मोकळा बसून असायचा. माझ्या खुर्चीकडे बघत.

मग मी वेळ कापायच्या मागे लागलो. एका दुपारी आबा लवकर घरी गेले. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. जाण्यापूर्वी त्यांनी घाईघाईत काही नळ्या भरून ठेवल्या, आणि मला सांगून गेले की पत्र्यावरची वाळू झाली की ग्लास ठेवून उरलेल्या भरून घ्या. पत्र्यावरची वाळू पुरली नाही. नवी भाजायला संध्याकाळ झाली असती. मी ढिगातली कच्ची वाळू दोन घमेली घेतली आणि भाजलेल्या वाळूत मिसळली. मनात म्हटलं, गरम कोरडी वाळू हिची ओल पिऊन घेईल. हातात घेऊन पाहिली, सुटी वाटली. ग्लास खिडकीत होता. मी ठेवला नाही, कारण तो धुकटला असता.

नळ्या मीच भरल्या. गुट्टे मला आबांसारखे घट्ट बसवता येत नव्हते, म्हणून प्रत्येकाला गोणपाटाची चिंधी गुंडाळून ठोकले. आबांनी भरलेल्या आणि मी भरलेल्या, सगळ्या एकाच ढिगात गेल्या.

सकाळी आबा आले ते आनंदात. पाहुण्यांना मुलगी पसंत पडल्यासारखी दिसत होती. हात चोळत भट्टीपाशी आले आणि मला विचारलं, "भाऊ, ग्लास ठेयेल व्हता ना?"

मी म्हणालो, "हो आबा."

नाही म्हटलं असतं तर सगळ्या नळ्या रिकाम्या कराव्या लागल्या असत्या. सकाळ गेली असती आणि शेठ त्याच वेळी आला असता. मी त्यांच्याकडे बघूनच हो म्हणालो.

पहिल्या काही नळ्या नीट वाकल्या. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, बघ, उगाच घाबरत होतास. त्यानंतरची नळी भट्टीत लाल होत होती. आबा तिच्या टोकाशी चिमटा घेऊन वाकले होते आणि पलीकडच्या कामगाराला पाहुण्यांबद्दल काहीतरी सांगत होते, हसत. गुट्टा सुटल्याचा आवाज बंदुकीसारखा झाला. गुट्टा त्यांच्या गालफडाला लागला आणि मागोमाग तापलेली वाळू तोंडावर आली. ते खाली बसले. ओरडले नाहीत. दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून, पण टेकवता येत नाहीत अशा अंतरावर, नुसते बसून राहिले.

माणसं धावली, रिक्षा आणली, त्यांना घेऊन गेली. मी मागे राहिलो. भट्टी विझवतो म्हणालो. गुट्टा कोपऱ्यात पडलेला होता. त्याला गोणपाटाची चिंधी होती. मी तो उचलला आणि निखाऱ्यात टाकला. मग ढिगातल्या उरलेल्या नळ्यांपैकी चिंधीवाल्या सगळ्या काढल्या, रिकाम्या केल्या, त्यांचेही गुट्टे जाळले. हे सगळं मी सावकाश, नीट केलं.

एक डोळा गेला. दुसरा वाचला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. खरंच ठरवलं होतं. अर्धा चेहरा पट्टीत, आबांनी माझा आवाज ओळखला आणि मी तोंड उघडण्याआधी तेच बोलले.

"तुम्हीन ते ग्लास ठेयेल व्हता भाऊ. मग ती नळी मन्हीच व्हई. घाई करी मी. पाव्हना येनार व्हतात, मन घरकडे व्हतं मन्हं."

मी ग्लास ठेवला होता, म्हणजे माझ्या नळ्या पक्क्या. म्हणजे फुटलेली नळी त्यांनी घाईत भरलेली. त्यांचा हिशोब अगदी बरोबर होता. फक्त त्यातली पहिली गोष्ट खोटी होती आणि ती मी दिलेली होती. पायथ्याशी त्यांची बायको बसली होती. रडून झालं होतं तिचं, आता राग आला होता.

"इतला वरीस रेती भाजी, अन् नेमकी त्याच दिन कच्ची भरी?" ती म्हणाली. "तवय तं दोन्ही डोया व्हतात ना तुम्हले!"

मी नेलेल्या डब्यातलं आबांना भरवलं आणि न सांगताच निघालो.

बाकीचं लवकर सांगतो. अपघातानंतर शेठनं भट्टीचं काम बंद केलं, उरलेली ऑर्डर नरम नळीवर पूर्ण केली. कडक नळी भंगारात घातली. मला तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी भाव एकट्यानं ठरवू नका." आबांना त्यानं थोडेफार पैसे दिले आणि माणसाची चूक म्हणून विषय संपवला. पाहुण्यांकडून निरोप आला नाही. आबा घर हलवून धुळ्याला गेले. मी त्या शेडमध्ये आणखी बरीच वर्षं राहिलो, पुढे मोठ्या कारखान्यात गेलो. माल निवडण्यात माझं नाव झालं. नवी मुलं विचारायला यायची, तेव्हा मी सांगायचो की नळीचा भाव किलोवर बघू नका, वाकून बाहेर पडल्यावर बघा. लोकांना हे फार पटायचं. कुठे शिकलात म्हणून कुणी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकात एकदा कामासाठी धुळ्याला गेलो असताना पत्ता काढून त्यांच्याकडे गेलो. त्याही वेळी सांगायचं ठरवून. एका तेलघाण्यावर ते राखणदार होते. मुलीचं लग्न उशिरा का होईना झालं होतं, जावई घरातच बसलेला. मला बघून आबांना एवढा आनंद झाला की मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं. खाट झटकली, बायकोला चहा टाकायला लावला.

"नळ्यांचं काम का सोडलंत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मन्हावर मन्हाच भरोसा नही राह्यना भाऊ." मग जावयाकडे वळून अभिमानानं म्हणाले, "या मन्हा भाऊ, त्या शेडमधला. ग्लास ठेयाशिवाय नळी भरेत नही. यास्नी काही चुकी नही, चुकी मन्ही व्हती."

आतून बायको म्हणाली, "सांगा, सांगा. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगा. हाऊच एक पराक्रम शे तुम्हना."

जावई जमिनीकडे बघत हसला. त्याच्या हसण्यावरून कळलं की हे या घरात नेहमीचं आहे, सणावारीही निघतं. नातवंडांनाही ठाऊक असणार. आबाही हसले, पण वाचलेला डोळा दाराकडे होता. बोलायला तीच वेळ होती. चहा आला. मी बशीत ओतून तो प्यालो, साखर जास्त आहे म्हणालो, आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो. ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. ज्या बाजूनं त्यांना दिसत नाही त्या बाजूला मी चालत होतो.

आबा अजून आहेत, धुळ्यालाच. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे लिहून त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही, आणि मी हे लिहायचं धाडस केलं त्यामागे तेही एक कारण असेल. डोळा मी परत देऊ शकत नाही, तो हिशोब माझ्या हातातला नाही. पण त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोसमोर आणि जावयासमोर, मी ग्लास ठेवला नव्हता आणि ती नळी माझी होती, एवढं सांगणं मी त्यांचं देणं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.