निशाणवाल्याचे डोळे

सिस्टरच्या हाताला कंप माहीत नव्हता आणि जिभेला दया. सारी नोकरी त्यांनी नेरच्या दवाखान्यात इंजेक्शनं देण्यात काढली. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्यासमोर पालथी झोपलेली, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांना शिपायांचं वेड लागलं. इंचभर उंचीचे धातूचे शिपाई कुरिअरने मागवायचे आणि जुन्या लढायांतल्या फौजांसारखे रंगवायचे. जगभरातल्या अशा वेड्यांचा फेसबुकवर एक गट होता. दर हिवाळ्यात प्रत्येकाने एक फौज जाहीर करायची, ठरल्या दिवशी पूर्ण फौजेचा फोटो टाकायचा. एक शिपाई जरी कमी पडला तरी पुढच्या वर्षी प्रवेश नाही. तिकडचे लोक बाहेर बर्फ पडतो म्हणून घरात बसून रंगवत; आम्ही हिवाळ्यात रंगवायचो, कारण आमच्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो. आम्ही म्हणजे सिस्टर, शाळेत शिकवणारी मी आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला देवराव. तिघांची मिळून एक फौज असायची. तोफांच्या धुराला कापूस लागायचा, तो देवराव आणायचा.

टेबलावर सिस्टरच्या उजव्या हाताला थिनरचा डबा असे. शिपाई भिंगाखाली धरायचा, पसंत पडला नाही तर डब्यात टाकायचा. सारा रंग उतरून तो नागडा बाहेर यायचा. “घे, कर याची परत भरती,” एवढंच म्हणायच्या. माझे कितीतरी बुडाले. देवरावचे तर विचारूच नका. आठवडाभर खपून त्याने एक घोडेस्वार आणला होता, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “देवराव, याच्या बुडाखाली हे बकरी काहून बसवली?” मी हसले. देवरावही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. घोडा बुडाला.

दोघांचा कायमचा वाद डोळ्यांवरून. देवराव तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी बैल रंगवायचा आणि बैलाचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचा. डोळे उघडले की बैल जिवंत झाला, असं त्याचं म्हणणं. सिस्टर डोळे आधी काढायला लावायच्या. “चुकलं तर तिथंच पुसता येते. आंधळ्याले जरीचे कपडे घालून का करतं?” चार वर्षं बोलणी खाऊन देवराव आधी डोळे काढायला शिकला आणि खरं सांगायचं तर त्याचा हात सुरेख बसला. सिस्टरनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त त्याचे शिपाई बुडायचे थांबले.

नागपूरकर भोसल्यांची फौज घेतली त्या हिवाळ्यात सिस्टर चहाची बशी दोन्ही हातांनी धरू लागल्या. आम्ही पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. शेवटच्या दिवशी सारी फौज टेबलावर उभी होती, राहिला होता फक्त सिस्टरच्या वाट्याचा निशाणवाला. झेंडा, अंगरखा, पागोटं, सारं झालेलं, चेहरा मात्र कोरा. सिस्टरनी डोळे शेवटावर ठेवलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

देवराव हळूच म्हणाला, “सिस्टर, मी काढून देऊ का?”

“माह्या शिपायाले दुसऱ्याचे डोळे नाही लागत,” त्या म्हणाल्या. मनगट टेबलाला टेकवून, श्वास धरून त्यांनी डोळे काढले. मग भिंग आणि शिपाई देवरावसमोर सरकवला. “पाह्य. अन् खरं सांग.”

त्याने बराच वेळ पाहिलं. मी मनातल्या मनात त्याला विनवत होते की बाबा, चांगला आहे म्हण, फोटोत कुणाला दिसतंय. “एक डोळा गालावर आला, सिस्टर,” तो म्हणाला आणि निशाणवाला त्याने डब्यात सोडला.

करावं तसं भरावं म्हणतात, पण मला ते बघवलं नाही. मी देवरावला नाही नाही ते बोलले. सिस्टरनी मला हाताने थांबवलं. “बरोबर केलं त्यानं,” म्हणाल्या आणि तोंड धुवायला मोरीत गेल्या. पुष्कळ वेळ नळ वाहत होता. फोटो गेलाच नाही. गटाने आमचं नाव काढलं. पुढच्या पोळ्याच्या आधीच सिस्टर गेल्या.

टेबल आता देवरावच्या घरी आहे. दर हिवाळ्यात तो त्या निशाणवाल्याला रंगवायला घेतो, आधी डोळे काढतो, मग बाकीचं. मला तर त्यात कधी खोट दिसली नाही. तो मात्र भिंगातून पाहतो आणि परत डब्यात सोडतो. यंदा मी न राहवून विचारलं, आता कोणाची भीती आहे रे तुला?

डब्याचं झाकण लावत तो म्हणाला, “सिस्टरले पसंत नसता पडला.”