हवामान कुणाच्या वाट्याला होतं

१६ मे. उजाडायच्या आत गच्चीवर चूल पेटवली आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा चढवला. ज्वारीचं आंबवलेलं पीठ, लसूण, मिरची, तीळ. एकदा रटरटायला लागला की हात थांबवता येत नाही, लगेच खाली लागतो. त्याच दुपारी माझा एम.ए.चा शेवटचा पेपर होता. विद्यापीठानं तारीख ऐन वेळी बदलली होती, आणि बिबड्यांची तारीख बदलणं माझ्या हातात नव्हतं. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत घरोघरची पाळी असते. उन्हाळाभर मी प्रत्येकीच्या गच्चीवर जाऊन थापून आले होते. आज सगळ्या माझ्याकडे येणार होत्या. पीठ आंबून तयार होतं. नाही कुणाला म्हणणार?

पेपरचं नाव ‘समकालीन जागतिक प्रश्न’. दोनदा नापास झाले होते. नोंदणीची मुदत या परीक्षेबरोबर संपत होती, म्हणजे पुन्हा बसायची सोय नव्हती. धरणगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होते. एम.ए. करीन या बोलीवर त्यांनी चालवून घेतलं होतं. आता प्राचार्यांनी सरळ सांगितलं होतं, पास झालात तर जूनपासून तास तुमचे, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल. तास गेले म्हणून घरात चूल बंद होणार नव्हती. पण वर्गात उभं राहणं हे एकच काम मला नीट येतं. पन्नाशीकडे झुकताना दुसरं काही शिकायची उमेद माझ्यात उरलेली नव्हती.

विषयही असा की वाचतानाच माणूस खचतो. कुठे माणसं देश सोडून पळताहेत, कुठे बॉम्ब फुटताहेत, आणि प्रत्येक प्रकरणाचा शेवट एकाच वाक्यानं : यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्याची गरज आहे. मी निर्वासितांवरचा घटक वाचायची, कुकर लावायची, पुन्हा वाचायची. छावण्या आठवायच्या, करारांची नावं आठवायची नाहीत. नापास होण्याचं कारण तेच.

या वेळी आम्ही चौघींनी अभ्यास वाटून घेतला होता. चार घटक, चार बायका. दूरशिक्षणाच्या रविवारच्या संपर्क वर्गात ओळख झालेली. शहरातल्या कापडदुकानाच्या घरातली मारवाडी सून, तिच्याकडे जागतिकीकरण. भडगावची एक शिक्षिका, तिच्याकडे दहशतवाद. माझ्याकडे निर्वासित. धुळ्याची होती तिच्याकडे हवामानबदल. प्रत्येकीनं आपल्या घटकाच्या नोट्स काढून ग्रुपवर टाकायच्या आणि बाकीच्यांना फोनवर समजावून सांगायच्या. पुस्तकही एकच घेतलं. बाजारात मिळतच नव्हतं, धुळ्याच्या बाईनं तिथल्या दुकानातून शेवटची प्रत आणली. आम्ही त्याची शिवण उसवली आणि चार भाग करून आपापल्या घरी नेले. तेव्हा आम्हाला ती फार हुशारीची गोष्ट वाटली होती.

घाटा निम्मा शिजला होता तेव्हा मारवाडी सुनेचा फोन आला. कानाला लावायला हात मोकळा नव्हता, शेजारच्या अक्कांनी स्पीकर लावून दिला.

“दीदी, हवामानाच्या नोट्स पाठवा ना. मला सापडतच नाहीयेत.”

“माझ्याकडे कुठून येतील? तुला तिनं वेगळ्या पाठवल्या असतील असं मी धरून चालले.”

“मला वाटलं तुम्हाला.”

“भडगावच्या ताईंना विचारलं?”

“त्यांनीच मला मागितल्या.”

बोलणं संपल्यावर अक्कांनी धुळ्याला फोन लावून दिला. पलीकडे बँडचा आवाज. ती नणंदेच्या लग्नासाठी सुरतला होती. म्हणाली, “अहो ताई, मी तर अभ्यास कधीच सोडला. ग्रुपमधून बाहेर पडले होते ना? तुम्हाला कळलं नाही?”

कळलं होतं. ती ग्रुपमधून गेल्याची ओळ तिघींनीही पाहिली होती. दुसरीनं कुणीतरी विचारलं असेल, असं तिघींनाही वाटलं. आणि हवामान प्रत्येकीनं शेवटी वाचायला ठेवलं होतं.

“पुस्तकाचा तो भाग?”

“धुळ्याला घरी. कुलूप आहे, बाई. काय करू सांगा?”

काय करणार होती ती? मी म्हटलं, लग्नाला शुभेच्छा, आणि अक्कांना फोन बंद करायला सांगितलं.

“घाटा लागी जाई वं! हात चालव,” अक्का ओरडल्या.

मी हात चालवला. गच्चीवर बायका ओल्या धोतरावर बिबडे थापत होत्या. मी मधूनच उठून ओली बोटं पदराला पुसून मोबाइलवर शोधत होते. जे सापडत होतं ते एकतर इंग्रजीत, नाहीतर कुणीतरी घाईघाईनं बोलत असलेला व्हिडिओ. कोणता करार कधीचा, कुणी सही केली, कुणी माघार घेतली, सगळं एकात एक मिसळलं. एकीनं विचारलं, वहिनी, रडता की काय? म्हटलं, धूर जातोय डोळ्यात.

अक्कांना एव्हाना सगळं समजलं होतं. म्हणाल्या, “जळगावमा राहस अन् ऊन पुस्तकमा दखस का वं?” सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण परीक्षकाला अक्कांचं उत्तर चालणार नव्हतं.

दुपारी प्रश्नपत्रिका हातात आली. पहिला प्रश्न सक्तीचा, हवामानबदलावर, आणि सगळ्यात जास्त गुणांचा. त्याखाली दुसरा, हवामानविषयक करारांवर. त्यालाही पर्याय नव्हता. निर्वासितांवर फक्त एक टीप होती.

टीप आधी लिहिली. मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग जे माहीत होतं ते लिहायला घेतलं. उष्ण वाऱ्यानं केळीची पानं कशी फाटतात, घड कसे करपतात, मे महिन्यात दुपारी आमचे रस्ते कसे ओस पडतात. दीड पान झालं. वाक्य जिल्ह्याच्या बाहेर जाईना. विकसित देशांची भूमिका लिहायची होती आणि मी गिरणा नदीच्या वाळूवर येऊन अडले होते. करारांच्या प्रश्नाला मी दोन नावं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी लिहिलं, यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्याची गरज आहे. खाली रेघ मारली. पर्यवेक्षक म्हणाले, मॅडम, वेळ आहे अजून. म्हटलं, माझ्याकडचं संपलं.

बाहेर फाटकाशी दोघी उभ्या होत्या. भडगावची ताई रुमालात तोंड घालून रडत होती. “त्या धुळेवालीनं गळा कापला आपला,” ती म्हणाली.

“तिला कशाला बोलता ताई?” मारवाडी सून म्हणाली. “महिनोन्महिने आपण तिला एक फोन केला का?”

मारवाडी सुनेला दुकानावर न्यायला तिचा दीर गाडी घेऊन आला, ताईची भडगावची बस होती. मी रिक्षानं घरी आले. निकाल लागायचा होता, पण मी मुलांचे पेपर तपासत आले आहे. दीड पान केळीला किती गुण मिळतात ते मला कळतं. त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर नवऱ्याला सांगितलं, पेपर गेला. तो म्हणाला, “तू आधीच वाईट धरून चालते. लागू दे तरी निकाल.” मी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं धरणगावला गेले. प्रवेशांच्या कामासाठी प्राचार्य सुट्टीतही येत होते. त्यांना सांगितलं, माझा पेपर गेला, जूनसाठी दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, निकाल येऊ द्या, घाई काय आहे? मी म्हटलं, निकाल तास सुरू झाल्यावर येईल, तोवर बारावीच्या मुलांना शिक्षक नसेल. बरं म्हणाले. आणखी काही म्हणतील म्हणून मी थोडी उभी राहिले. मग स्टाफरूममधल्या माझ्या खणातून डस्टर आणि दोन पुस्तकं पिशवीत टाकली आणि जळगावच्या गाडीसाठी स्टँडवर येऊन थांबले.