मधल्या टेबलावर बसा

"आत जावा, मधल्या टेबलावर बसा. दारात बसू नगा!"

कोल्हापुरात नवख्या माणसाने 'जेवायला कुठं जाऊ?' म्हणून विचारलं की आमच्या पाटबंधारे कचेरीतले ट्रेसर कानावरची पेन्सिल काढायचे, ट्रेसिंग पेपरच्या कपट्यावर चार रेघांत रस्ता काढून द्यायचे आणि वर ही ताकीद. कालव्यांचे नकाशे काढणारा हात तो. जमिनीच्या कामाला गगनबावड्याहून आलेला माणूस त्या कपट्यावरून बरोबर रश्श्यापाशी पोचायचा.

तुमच्याही ओळखीत खाण्यातला असा एखादा जाणकार असेल. आमच्या जाणकाराचे नियम पक्के होते. मिसळ खायची, तर "वरचा कट-रस्सा मागायला लागत न्हाय तिथली." मटण खायचं, तर "मालक सोता जिथं जेवतो तिथलं." पांढरा रस्सा आधी की तांबडा, यावर ते साहेबांशीसुद्धा भांडले होते.

नव्वदीच्या मध्यावर मी बदलून आलो. ते मला 'पावणं' म्हणत, मी त्यांना दादा. शनिवारी दुपारी आम्ही एकत्र जेवायला जायचो. एकदा मी विचारलं, "दादा, तुम्ही डबा का आणत नाही? वहिनींच्या हाताला चव नाही की काय?"

"तिच्यासारखी चव गावात न्हाय. पर हाटेल ते हाटेल." त्यांनी भाकरी मोडली आणि उसाचा भाव सांगावा तसं सांगितलं, "आमी बौद्ध. शाहूवाडीकडं आमच्या गावात च्याच्या हाटेलात आमचे कप भायेर, भिंतीच्या खिळ्याला. आपला कप आपण काढायचा, धुवून परत अडकवायचा. कॉलेजला हितं आलो तवा पयल्यांदा हाटेलात शिरलो. मधल्या टेबलावर बसलो. म्हटलं, बघू कोण उठवतंय. वेटर आला, फडकं मारलं, म्हणला, 'काय आणू?' बास, एवढंच."

"मग काय मागवलंत?"

"कुणाला आठवतंय! रडाय आलतं."

माझा घास हातातच राहिला. ह्या गोष्टी आजोबांच्या काळात संपल्या, असं मी धरून चाललो होतो. समोरचा माणूस माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठा.

मी इतका पेटलो की तिथल्या तिथे त्यांना घरी जेवायला बोलावलं. "घरी कशाला? आईस्नी तरास," ते दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही.

रविवारी ते आले. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. नको नको म्हणताना तिसरी तिने स्वतः त्यांच्या ताटात घातली, वर तूप सोडलं, मुलाबाळांची चौकशी केली. मी दोघांकडे अभिमानाने बघत होतो.

मंगळवारी मांडणीवर एक ताट कमी दिसलं.

"मोडीत घातलं," आई भाजी निवडत म्हणाली.

"कुठलं?"

तिने निवडलेली देठं बाजूला सारली. मला कळलं, दादा जेवले होते ते. वाढताना तिने हात आखडता घेतला असता तर मी भांडलो तरी असतो. "पोटभर जेवू घातलं की रे त्याला," ती म्हणाली. "कमी काय केलं?" तिला खरंच कळत नव्हतं.

त्याआधीच, सोमवारी, दादांनी विचारलं होतं, "आईस्नी तरास न्हाय न्हवं झाला?" मी हसून 'छे' म्हटलं होतं. ताटाचं कळल्यावर मात्र मी गप्प राहिलो. त्यांना परत घरी बोलावलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

सहा-सात वर्षांनी आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली त्याच दुपारी दादा दवाखान्यात हजर, हातात तीन पुडाचा डबा.

"आमी शनिवारी जातो त्या बाईंच्या खानावळीतनं आणलाय, आई. बिनघोर खावा."

मऊ भात, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी. आई जेवायला लागली. रोज बरोबर बारा वाजता डबा यायचा.

सोमवारी जिन्याच्या तोंडाशी डबा घेताना माझ्या लक्षात आलं, ती खानावळ सोमवारी बंद असते. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. डबा मात्र गरम होता.

"दादा, हा घरचा आहे ना?"

"हळू बोला की."

"मग खानावळीतला म्हणून का सांगता?"

"आई जेवत्यात न्हवं?" एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. म्हणजे आईच्या मनातलं त्यांना ठाऊक होतं. बहुतेक त्या पुरणपोळ्यांच्या रविवारी, जेवता जेवताच ठाऊक झालं होतं.

घरी आल्यावर आठवड्याने आई म्हणाली, "मला त्या खानावळीत घेऊन चल. त्या बाईच्या हाताची चव जात नाही तोंडातनं."

मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं. आईने पदर तोंडाला लावला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येत्या रविवारी जाऊ त्यांच्याकडे."

गुरुवारी कचेरीत गेलो, तर सगळे बाहेर व्हरांड्यात उभे. दादा पहाटे झोपेतच गेले होते.

रविवारी आम्ही गेलो. मला वाटलं होतं आई दारातून परत फिरेल. ती सरळ आत जाऊन वहिनींजवळ जमिनीवर बसली. "तुमच्या हातचं जेवले मी आठ दिवस," ती म्हणाली.

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "रोज चुलीफुडं हुभं ऱ्हायचे. म्हणायचे, मीठ बेतानं घाल, आईस्नी बीपी हाय."