हनुवटीवरचे केस आणि बागेतलं जीए

“मॅडम, दोन दिवसांत डिपिंग न्हाई झालं तर माझी बाग बसली. तुमी चला आन् बायांना समजावा.”

तात्या ओपीडीत, पेशंटच्या स्टुलावर बसून मला हे सांगत होते. नारायणगावजवळ त्यांची द्राक्षबाग होती. मी गावातल्या एका हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आंबेगाव तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेतून आणि पुढे सरकारी वसतिगृहाच्या कृपेने मी डॉक्टर झाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. बाळंतपणाला बोलावणं यायचं, बागेसाठी कधी आलं नव्हतं.

डिपिंग म्हणजे कोवळे घड जीएच्या पाण्यात बुडवणं. जीए हे झाडांच्या वाढीचं हार्मोन. त्याने द्राक्षाचा मणी लांबतो, फुगतो. मगात पाणी घेऊन एकेक घड हाताने बुडवावा लागतो. मणी ठरावीक आकाराचा असतानाच हे करायचं असतं, नंतर उपयोग नाही. हे काम बायकांची टोळी बागोबाग फिरून करते.

“बाया काय म्हणतात?”

“म्हंत्यात, जीएनं दाढी येती. टोळीतली एक पोर हाये...”

“नाव सांगू नका,” मी म्हटलं. ती पोर आदल्या आठवड्यातच माझ्याकडे येऊन गेली होती.

तिला इथे कल्पना म्हणते. एकोणीस-वीस वर्षांची. ओढणी नाकापर्यंत ओढून आईबरोबर आली होती. जबड्यावर मोठे, दुखरे पिंपल्स. हनुवटीवर आणि ओठावर राठ केस. ते उपटून उपटून कातडी काळवंडलेली.

आईने निदान घरूनच करून आणलं होतं. “डॉक्टरीणबाई, जीएनं झालंय. घडाला लावलं की घड वाढतो. हिनं हात घातला, हिचं केस वाढलं.”

विचार चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. हार्मोन म्हणजे काय हे मला पाटीवर चित्र काढून समजवावं लागेल असं वाटलं होतं. या बाईंना ते आधीच ठाऊक होतं.

“पाळी वेळेवर येते?” मी विचारलं.

“तीन-चार महिन्यांनी,” कल्पना हळूच म्हणाली.

“कधीपासून?”

“धावीपासून.”

“आणि बागेत कधीपासून जातेस?”

“औंदापासून.”

आईने लेकीकडे पाहिलं. “मंग तवा तर बाग नव्हती की गं.”

सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. अंडाशयात दर महिन्याला एक अंडं पिकून बाहेर पडायला हवं. हिच्यात बारीक बारीक बरीच धरलेली, पण पिकायची थांबलेली. याला पीसीओडी म्हणतात. पुरुषी हार्मोन प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. या आजारात ते वाढतं. मग चेहऱ्यावर पिंपल्स येतात, नको तिथे केस येतात. मी आईला म्हटलं, “डोस जास्तच झालाय, पण आतून. बागेतून नाही.”

हे त्यांना पटलं. गोळ्यांचं पाकीट पाहिल्यावर मात्र त्या उठूनच उभ्या राहिल्या. “या तर पाळणा थांबवायच्या! पोरीचं लगीन व्हायचंय अजून!”

गोळ्या त्याच, पण इथे त्यांचं काम पाळी नियमित करणं आणि पुरुषी हार्मोन दाबणं हे आहे, असं सांगून त्यांना खाली बसवलं. पिंपल्सना काही महिने लागतील, केसांना त्याहून जास्त. आधीचे केस गोळीने गळत नाहीत, ते काढावेच लागतात, हेही सांगितलं.

कल्पनाने एकच प्रश्न विचारला. “मी टोळीत परत जाऊ?”

“बाया घेत्याल व्हय तुला?” आई म्हणाली. जेवायच्या सुट्टीत बायका तिच्यापासून सरकून बसायला लागल्या होत्या. तिच्या फडक्यातली भाकरी कुणी घेत नव्हतं. म्हणून तिनेच जाणं सोडलं होतं.

तर तात्यांचं बोलावणं आलं आणि मी सरांना, म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या मालकांना, विचारलं.

“जा,” सर म्हणाले. “पण पेशंटबद्दल एक अक्षर नाही. आणि कामाला हातमोजे घालायला सांग.”

“सर, हातमोजे म्हटलं की बायका म्हणतील, बघा, विषारीच आहे.”

“तेही खरं. तुझं तू बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले. लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. बांधावर टोळी बसली होती. पुढे टोळीची मुकादम रखमाबाई. मी पाच-दहा मिनिटं नीट समजावलं. झाडाचं हार्मोन वेगळं, माणसाचं वेगळं. बायका देवळातल्या प्रवचनाला बसल्यासारख्या ऐकत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्या.

“ते ऱ्हाऊ द्या,” रखमाबाई म्हणाल्या. “आमच्या कल्पीला मंग कशानं आली?”

“कुणाच्या आजाराबद्दल मी बोलणार नाही.”

“म्हंजी जीएनंच!”

तात्यांनी कपाळाला हात लावला.

“मला इचारा की. त्या मॅडमला कशाला?”

मागून कल्पना येत होती, पाठोपाठ तिची आई. ओढणी गळ्यात होती, चेहरा उघडा. मी तिला बोलावलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“माझी पाळी धावीपासून चुकतीय. तवा मी जीए बघितलं बी नव्हतं. आतला आजार हाये, गोळ्या चालू हायेत.”

“ते पाळीचं झालं,” रखमाबाई हटेनात. “केसांचं काय?”

कल्पना तात्यांकडे वळली.

“तात्या, किती वर्सं जीए कालवताय?”

“धा-बारा असतील.”

“कशानं?”

“हातानंच की.”

“टोपी काढा.”

“आँ?”

“काढा वो!”

तात्यांनी टोपी काढली. सकाळच्या उन्हात डोकं लखलखलं.

“जीएनं केस येत असतं,” कल्पना म्हणाली, “तर तात्यांनी पैला मग डोक्यावर वतला नसता का?”

बांध हसला. तात्या मान खाली घालून म्हणाले, “वतला व्हता एकदा. न्हाई आलं राव.”

मग तर रखमाबाईंना पोट धरून खालीच बसावं लागलं. त्या हशातच मी हातमोज्यांचं उरकून घेतलं. औषध कुठलंही असो, उघडा हात घालायचा नाही, म्हटलं. कुणी हरकत घेतली नाही. तात्या मोटारसायकलवरून नारायणगावला जाऊन हातमोजे घेऊन आले. दुपारी रखमाबाईंनी कल्पनाला जवळ ओढून तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी मोडून घेतली, वर चटणी तिखट झाली म्हणून आईला टोमणाही मारला.

बाग वेळेवर बुडवून झाली. द्राक्षं उतरेपर्यंत कल्पनाचे पिंपल्स बरेच बसले. केस वर्षभरात विरळ झाले. पूर्ण गेले नाहीत. उरलेले ती दोऱ्याने काढायला शिकली, आणि मग टोळीतल्या बाकीच्यांच्या भुवयाही करून देऊ लागली.

त्या सीझनमध्ये टोळीतल्या बऱ्याच जणी ओपीडीत येऊन गेल्या. कुणी भाचीचं विचारलं, कुणी जावेचं. रखमाबाईंनी मात्र थेट स्वतःची हनुवटी वर केली.

सरांनी विचारलं, “लेक्चर चांगलं झालेलं दिसतंय?”

“लेक्चर वाया गेलं, सर.”

तेव्हापासून बागायतीतल्या पेशंटला हार्मोन म्हणजे काय हे मी शिकवत नाही. डोस कुठे चुकला तेवढंच सांगते. बराच वेळ वाचतो.