वन्संचं विकीपान

जगातल्या प्रत्येक मजकुरात एक तरी चूक असते आणि ती दुरुस्त करायला आपल्यालाच नेमलेलं आहे, अशी आमच्या वन्संची ठाम समजूत आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. भोसरीच्या एका शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिका घेऊन कुणी आलं तर पाण्याआधी त्याला ऱ्हस्व-दीर्घ मिळतं. शेअर रिक्षाच्या काचेवर 'आर्शिवाद' दिसला की "भाऊ, रफार 'वा'वर हवा," हे सांगितल्याशिवाय त्या उतरत नाहीत. एक रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "मॅडम, आशीर्वाद आईचाच आहे, पोचतो बरोबर."

अशा बाईला वाचनालयातल्या कार्यशाळेत कळलं, की विकीवरचं, म्हणजे इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशातलं, पान कुणालाही दुरुस्त करता येतं. मी सोबत होते. दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हं घातली की मथळा होतो, तीन-तीन अवतरणचिन्हं घातली की शब्द ठळक होतो, दुहेरी चौकटी कंसात नाव घातलं की त्यावरून दुसऱ्या पानावर जाता येतं. वन्संना हे इतकं पटलं, की घरच्या व्हॉट्सॲप गटावर '== रविवारचं जेवण ==' असे निरोप यायला लागले. खाली ताऱ्याची खूण करून 'मेथी आणणे', आणि पुढे माझ्या नवऱ्याचं नाव दुहेरी कंसात.

"ताई, माझ्या नावावर बोट ठेवलं तर कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही. तुझ्यावर अजून पान नाही," वन्सं म्हणाल्या. "काहीतरी कर, मग बघू."

मग त्यांनी स्वतःच्या माहेरचं, निघोज्याजवळच्या गावाचं पान उघडलं. तिथे जेमतेम दोन ओळी होत्या. वन्संनी दुपारभर बसून तिथे कारखान्यांच्या कंपन्या येण्याआधीचं सगळं शिवार लिहून काढलं: कुठला मळा कुणाचा, दगडी विहीर कुठे, पायवाट कुठून. सकाळी पाहिलं तर सगळं उडालेलं. कुणा संपादकाने चर्चापानावर लिहिलं होतं, 'ताई, लेखन सुंदर आहे. पण हे कुठे छापून आलं आहे? संदर्भ द्यावा.'

"त्या विहिरीत मी पोहायला शिकले," वन्सं म्हणाल्या. "आणखी कसला संदर्भ?"

जन्मभर दुसऱ्यांचं खोडत आलेल्या वन्संचं लिहिणं पहिल्यांदाच कुणीतरी खोडलं होतं. त्यानंतर बरेच दिवस त्या कुणाचं काही दुरुस्त करीनात, गटावर निरोपही टाकीनात. घरात इतकी शांतता झाली, की माझा नवरा मुद्दाम चुकीचं लिहून निरोप पाठवू लागला. उपयोग झाला नाही.

मग मला आढळलं, की विकीवर छायाचित्र चढवताना स्रोत विचारतात, आणि फोटो आपणच काढला असेल तर 'स्वतःचे काम' एवढं उत्तर चालतं. रविवारी आम्ही दोघी बसने गावाला गेलो. विहीर एका कंपनीच्या भिंतीला खेटून होती. वन्संना ओळखणारे एक म्हातारे शेजारी तिथे आले.

"फोटू काढून काय करनार? आता पानी बी न्हाई तिच्यात."

"आप्पा, असू दे," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी पदर खोचून चार बाजूंनी फोटो काढले.

त्यातला एक पानावर उजव्या बाजूला लागला. खाली ओळ होती: 'गावाच्या मळ्यातली दगडी विहीर. ती कंपनीच्या भिंतीलगत आहे.' संपादकाने ते ठेवलं, वर आभारही मानले. रोज चहाबरोबर वन्सं ते पान उघडून बघायच्या, आणि मेथी आणण्याचे निरोप पुन्हा सुरू झाले.

मागच्या महिन्यात रस्ता रुंद करताना विहीर बुजवली. वन्संनी ऐकून घेतलं आणि पान उघडलं. चित्राखालच्या 'आहे'चं 'होती' केलं. काय बदल केला ते लिहायला तिथे एक छोटी चौकट असते. तिच्यात त्यांनी लिहिलं, 'काळ बदलला', आणि जतन केलं. मग चष्मा काढून बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिल्या. चष्म्याशिवाय त्यांना तो दिसत नसणार, हे मला ठाऊक होतं.