कुशल मनुष्यबळ सहज उपलब्ध आहे

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको. ती दहावी नापास, मी बी.कॉम. ती खापा नावाच्या लहान गावाहून आलेली, मी नागपुरातच वाढलेली. तरी आमच्याकडे पाहुणा आला की दारातूनच विचारतो, "धाकटी आहे न घरी?" दार मी उघडलेलं असतं.

कारण एकच, तिची लांब रोटी. गव्हाची कणीक सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून इतकी चिवट करायची की गोळा मनगटापासून कोपरापर्यंत लोंबला तरी तुटत नाही, आणि मग पेटत्या चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर ती अलगद सोडायची. तिची आई खाप्यात हेच काम करायची. लग्नानंतरच्या पहिल्याच चौदा एप्रिलच्या जयंतीला हिने वस्तीच्या जेवणासाठी सकाळपासून रोट्या केल्या आणि सासूबाई शेजारणींना म्हणाल्या, "हात पाहा वं पोरीचे." हात मलाही आहेत. कीबोर्डकडे न बघता चालतात. त्यांच्याकडे पाहा असं कोणी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी एका सीएच्या ऑफिसात प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिते. कोणाला दालमिल टाकायची असते, कोणाला विटांची भट्टी. बँकेला कर्जासाठी कागद लागतात, ते मी तयार करते. खरं सांगायचं तर जुनी फाईल उघडायची, नाव-गाव बदलायचं, आकडे बसवायचे, झालं. त्यात एक ओळ कायमची असते, "आवश्यक कुशल मनुष्यबळ स्थानिक पातळीवर सहज उपलब्ध आहे." दालमिल असो की भट्टी, ही ओळ हलत नाही. बँकेतले साहेब ती वाचत नाहीत, पण नसली तर फाईल परत पाठवतात.

दोन वर्षांपूर्वी जावेच्या रोट्या आमच्या अंगणातून एका भोजनालयात जायला लागल्या. मग पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं मागवू लागली. पॅकिंगची पिशवी मी शोधली, ऑर्डरी मी घेतल्या, कुरियरवाल्याशी भांडले मी. फोन यायचे ते मात्र "रोटीवाल्या ताई आहेत का" असे. मी फोन तिच्या कानाला लावून द्यायची, कारण तिचे हात कणकेत असायचे.

आमच्या सरांनीच सांगितलं की शहरातले काही उद्योजक मिळून नव्या धंद्यात पैसे घालतात, दहा पानी प्लॅन पाठवा, इंग्रजीत. जाऊ म्हणाली, "ताई, तुमाले जमते ते. तुमीच लिवा." माझ्या हातात काहीतरी आलं होतं, जे तिला जमणारं नव्हतं. आनंदाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

लिहायला बसले तेव्हा कळलं की हा बँकेचा रिपोर्ट नाही. बँकेला भीती असते पैसे बुडण्याची. गुंतवणूकदाराला भीती असते, हे इवलंसंच राहील की काय. त्याला दाखवावं लागतं की एका अंगणात होतं ते दहा ठिकाणी होईल, आणि धंदा एका माणसाच्या हातावर अडलेला नाही. हे समजलं आणि मला जी हुशारी सुचली, तिची आजही लाज वाटते. माझी कायमची ओळ मी उचलली, चिकटवली आणि तिला शेपूट जोडलं. "कुशल मनुष्यबळ सहज उपलब्ध आहे. हे काम कोणतीही महिला पंधरा दिवसांत शिकू शकते."

पंधरा दिवस हा आकडा कुठून आला? माझ्या पोटदुखीतून. एवढ्या वर्षांत वस्तीतल्या किती जणी तिच्यापाशी शिकायला बसल्या आणि खांदे चोळत घरी गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण कागदावर ते हात 'कोणतीही महिला' झाले तेव्हा मला इतकं गार वाटलं, की पुढचं पान लिहिणं सोपं गेलं. पुढच्या पानावर टीम असते. तिथे माझ्या नावापुढे मी 'फाउंडर' लिहिलं आणि तिच्या नावापुढे 'रोटी कारागीर'.

पाठवायच्या आधी ती लॅपटॉपपाशी आली. कणकेचे हात अंगापासून दूर धरून वाकली. "माह्याबद्दल काय लिवलं, ताई?"

"चांगलंच लिहिलं आहे," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

प्लॅन आवडला. एका रविवारी सकाळी तिघे जण आमच्या अंगणात आले. त्यातल्या मोठ्या साहेबांचा बुटीबोरीला कारखाना होता. खुर्च्या मांडल्या, चूल पेटली, मडकं तापलं. जाऊ परातीशी बसली होती. साहेब माझ्याकडे वळले. "नमस्कार, फाउंडर मॅडम." जावेने मान वर केली नाही. कणीक मात्र एकदा जरा जोरात आपटली.

रोट्या झाल्या, रश्शासोबत खाऊन झाल्या. साहेबांनी हात पुसले आणि प्लॅनचे कागद काढले. "मॅडम, सगळ्यात भारी मले ही ओळ वाटली." त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि तिथेच मराठीत सांगितली. कोणतीही महिला, पंधरा दिवस. "असं असन तर उद्याच दहा जागी चुली लावू. बाई नाही आली तरी काम थांबत नाही. बरोबर?"

मी जावेकडे बघायचं टाळलं आणि म्हटलं, "बरोबर."

"मंग तुमी तर दोन वर्षांपासून सोबत आहा," साहेब हसत म्हणाले. "करून दाखवा न एक."

त्यांनी काही खोचकपणाने म्हटलं नव्हतं. कारखानेवाल्याची सवय, मशीन चालू करून बघायची. पण मला पळायला जागा नव्हती. मी पदर खोचला, हात ओले केले, परातीतून गोळा उचलला. एका हातातून दुसऱ्या हातात झेलला तेव्हा क्षणभर वाटलं, जमतंय. मग तो मनगटाला चिकटला. मी झटकला तर मधेच फाटला. अर्धा मडक्यावर पडून गोळा झाला, अर्धा चुलीत. तो काढायला गेले आणि उजव्या हाताची बोटं मडक्याला लागली. करपल्याचा वास पसरला. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग चुलीकडे. ते कागदांची घडी घालून खिशात ठेवतील आणि उठतील, हे मला दिसलं. आमची दोन वर्षं त्या घडीत जाणार होती, आणि ती माझ्या एका ओळीने घातलेली होती.

तेवढ्यात जावेने माझे हात पाण्याच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, धरले आणि साहेबांकडे न बघताच बोलली, "साहेब, ते पंधरा दिवसाचं मीच ताईले सांगतलं होतं. पंधरा दिवसात कणीक भिजवणं येते. हात बसाले वर्ष लागते. म्हणून जे बाई शिकन तिले वर्षभर माह्यापाशी ठेवा लागन. दहा जागी चुली लावा, पण आधी दहा बाया इथं बसवा."

"काहून? दुसरी कोणी नाही शिकवू शकत?"

"आतालोक तं नाही शिकवलं कोणी."

 मग साहेबांनी पेन काढलं आणि माझ्या ओळीच्या बाजूला काहीतरी लिहून घेतलं. "वर्षभराचं ट्रेनिंग टाका यात. दुसऱ्या कोणाले सहज कॉपी करता नाही येणार, हे तर अजून चांगलं. सुधारून, दोघींच्या सह्या करून सोमवारी पाठवा."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण गंजात बुडवलेल्या हातांसकट मी जळत होते. जो प्लॅन लिहायला मला महिना लागला, तो तिने न वाचता, माझ्यापेक्षा चांगला मांडला होता. त्यात खोटं बोलून मला वाचवलं होतं. रोटी तिची, बोलणं तिचं, आणि आता मोठं मनही तिचंच. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही, असं ओरडावंसं वाटलं.

दुपारी भांडी आवरल्यावर ती माझ्या बोटांना मलम लावत बसली. मग म्हणाली, "ताई, आता वाचून दाखवा. पूर्ण. मराठीत."

मी लॅपटॉप उघडला आणि इंग्रजी वाक्यं मराठीत सांगत गेले. ती मन लावून ऐकत होती. मधेच "हे खरं आहे," किंवा "हे जरा जास्तच झालं," म्हणत होती. मग टीमचं पान आलं. समोर 'फाउंडर' लिहिलेलं होतं, आणि खाली 'रोटी कारागीर'. मी तिचं नाव घेतलं आणि म्हटलं, "संस्थापक." मग माझं नाव घेतलं आणि म्हटलं, "सहसंस्थापक." पडद्यावर असलं काही नव्हतं.

ती थोडा वेळ मलमाच्या डबीचं झाकण फिरवत राहिली. "ते साहेब तं तुमालेच फाउंडर म्हणून राहिले होते."

"घाईत वाचलं असेल त्यांनी."

"असन," ती म्हणाली. डबी बंद केली, उठली. दारापाशी जाऊन वळली. "दोघींचे नाव आहेत, ते बरं केलं ताई. एकटीचंच असतं तं मी सही नसती केली."

एकटीचं म्हणजे कोणाचं, हे ती बोलली नाही. मला विचारायची गरज नव्हती.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले आणि फाईल उघडली. पंधरा दिवसांची ओळ खोडली. कुशल मनुष्यबळाचीही खोडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग टीमच्या पानावर गेले आणि तिचं नाव माझ्या वर नेलं. हेवा गेला होता असं नाही, तो आजही आहे, तिच्यासाठी फोन वाजला की डोकं वर काढतो. पण उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या, म्हणून तिच्या नावापुढचा 'फाउंडर' मी डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केला.